इंजिन रूममध्ये जाणाऱ्याला जहाजाचे गणित कशाला?

प्रश्न : माझा मुलगा मुंबईत मरीन इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंजिन, बॉयलर, पंप या विषयांत त्याला चांगले गुण मिळतात, पण नेव्हल आर्किटेक्चरमध्ये, म्हणजे जहाजाचा आकार, तरंगणे आणि स्थिरता यांच्या गणितात, तो अडकला आहे. ‘मला जहाज बांधायचे नाही, चालवायचे आहे,’ असे तो म्हणतो. त्याला मेकॅनिकलला घालावे का? – एक पालक, देवगड

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु एका विषयासाठी शाखा बदलण्याची घाई करू नये. मेकॅनिकलची पदवी घेऊन नंतर एक वर्षाच्या जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनीअरिंग) अभ्यासक्रमाद्वारे जहाजावर जाता येते हे खरे. मात्र तिथेही हा विषय चुकत नाही, आणि नोकरी लागल्यावर मरीन इंजिनीअरच्या बढतीसाठी लागणाऱ्या क्लास टूच्या परीक्षेत तो पुन्हा समोर उभा राहतो. तेव्हा तो आताच नीट शिकून घेणे शहाणपणाचे आहे.

हे गणित इंजिनीअरच्या उपयोगाचे नाही, हा आपल्या मुलाचा समज मुळात चुकीचा आहे. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत इंधन घेणे हे इंजिनीअरचेच काम असते. टाकी अर्धवट भरलेली असली की जहाज कलताच आतले तेलही त्या बाजूला सरकते आणि जहाजाची स्थिरता घटते. ही घट टाकीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. म्हणूनच टाकीच्या मधोमध जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभी भिंत घातली, तर ही घट एक-चतुर्थांशावर येते. एकाच वेळी अनेक टाक्या अर्धवट ठेवू नयेत, हा नियम कशासाठी आहे, ते ज्याला हिशोबाने कळले आहे तो घाईगर्दीतही तो मोडणार नाही.

इंधनाच्या खर्चाचेही तसेच आहे. ढोबळ मानाने इंजिनाची लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 15 नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 13.5 नॉटने गेल्यास वेग 10 टक्के कमी होतो, तर रोजचे इंधन सुमारे 27 टक्क्यांनी घटते. प्रवासाला अधिक वेळ लागतो हे धरले, तरी तेवढ्याच अंतरासाठी सुमारे 19 टक्के बचत होते. चीफ इंजिनीअरला असे हिशोब वारंवार करावे लागतात.

आता तो अडतो कुठे, ते पाहू. बहुतेक विद्यार्थ्यांना सूत्रे पाठ असतात, पण आलेले उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे पडताळून पाहण्याची सवय नसते. वक्र कडांच्या आकाराचे क्षेत्रफळ काढण्याच्या सिम्प्सनच्या पहिल्या नियमाचेच एक उदाहरण घ्या. जहाजाची जलरेषेवरील, म्हणजे पाण्याच्या पातळीवरील, लांबी 60 मीटर असून दर 15 मीटरवर मोजलेल्या अर्ध्या रुंदी 0, 4, 5, 4.5 आणि 0 मीटर आहेत. त्यांना अनुक्रमे 1, 4, 2, 4, 1 ने गुणून बेरीज केली की 44 येते. तिला 15 भागिले 3, म्हणजे 5 ने गुणले की 220. इथेच अनेक जण थांबतात. पण या रुंदी अर्ध्या होत्या, म्हणून दुप्पट करून क्षेत्रफळ 440 चौरस मीटर होते. कागदावर लांबी आणि सर्वांत जास्त पूर्ण रुंदी घेऊन 60 गुणिले 10 मीटरचा आयत काढला, तर त्याचे क्षेत्रफळ 600 भरते. त्यातले 440 जहाजाला शोभते, 220 शोभत नाही. एवढा एक आयत काढला असता, तर ती चूक तिथल्या तिथे सापडली असती. पुढे याच 440 ला खाऱ्या पाण्याच्या 1.025 घनतेने गुणून 100 ने भागले की 4.51 येते, म्हणजे जहाज आणखी एक सेंटिमीटर बुडायला सुमारे साडेचार टन वजन चढवावे लागेल. हा आकडा अर्थासकट समजला की विषयाची भीती निम्म्याने ओसरते, असा माझा अनुभव आहे.

शिकवणी लावण्याआधी एक करून पाहावे. त्याने एकच जहाज निवडावे आणि क्षेत्रफळ, विस्थापन (जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन), गुरुत्वमध्य, मेटासेंटरची उंची (जिच्यावरून जहाजाची स्थिरता कळते) ही सगळी गणिते त्याच जहाजावर, तक्ता आखून आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहून, क्रमाने सोडवावीत. सुटी उदाहरणे शंभर सोडवण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो, कारण आधीचे उत्तर चुकले की पुढचे आपोआप विचित्र येते. ही वही चुका न खोडता महाविद्यालयातील शिक्षकांना दाखवावी, म्हणजे तो नेमका कुठे घसरतो हे त्यांना लगेच दिसेल. मात्र समुद्रावरची नोकरीच त्याला नकोशी झाली असेल आणि गणित हे केवळ निमित्त असेल, तर शाखा बदलण्याचा विचार जरूर करावा. तेवढे एकदा त्याच्याशी शांतपणे बोलून घ्यावे.