रोग, आजारपण आणि अंगावर काढणं

ऐरोलीची एक विद्यार्थिनी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने विचारलंय : अभ्यासात 'डिसीज', 'इलनेस' आणि 'इलनेस बिहेविअर' असे शब्द येतात, कोशात पाहिलं तर पहिल्या दोन्हींपुढे रोग, आजार, व्याधी हेच शब्द. मराठीत हा फरक दाखवता येतो का? आणि तिसऱ्याला काय म्हणायचं?

फरक दाखवता येतो. बोलताना आपण तो रोज करतोच. रोग होतो, तपासणीत निघतो, त्याचं निदान होतं. आजारपण येतं आणि ते काढावं लागतं. 'थोरल्या सुनेनं सासूबाईंचं आजारपण काढलं' या वाक्यात रोगाचं नाव नाही, पण रात्रीची जागरणं, भाताची पेज, कूस बदलून देणं, सगळं आलं. 'रोग काढला' असं कुणी म्हणत नाही. तेव्हा डॉक्टर कागदावर लिहितात तो 'डिसीज' म्हणजे रोग, आणि माणूस व त्याचं घर जे भोगतं तो 'इलनेस' म्हणजे आजारपण. 'दुखणं' तर त्याहून अंगाजवळचं. त्याला नाव नसलं तरी चालतं.

अडचण आहे ती 'आजार' या शब्दाची. तो फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ त्रास, पीडा. आज मात्र 'हृदयाचा आजार', 'साथीचे आजार' असं म्हणत तो रोगाच्या बाजूला जाऊन बसलाय, तरी जुना अर्थ त्याला पुरता सुटलेला नाही. वॉर्डात माहिती घेताना हे फार जाणवतं. कळवा-मुंब्र्याकडच्या एखाद्या आजींना विचारा, "आजी, काही आजार आहे का?" "नाही गं बाई, काही नाही." मग विचारा, "रोजची कसली गोळी चालू आहे का?" "हो, प्रेशरची. आणि साखरेची एक." आजी खोटं बोलत नाहीत. काही दुखत नाही, कामं अडत नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी आजार नाही. गोळी तेवढी चालू आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं : माहिती घेताना 'आजार' या एका शब्दावर थांबू नका. गोळी विचारा, 'पूर्वी कधी अ‍ॅडमिट होता का' विचारा, 'हल्ली काय होतंय' विचारा. मग कणकण, अंग मोडून येणं, तोंडाला चव नसणं, असं एकेक बाहेर येतं.

आता 'इलनेस बिहेविअर'. स्टॅनिस्लाव्ह कॅसल आणि सिडनी कॉब या अभ्यासकांनी 1966 मध्ये तब्येतीबाबतच्या माणसाच्या वागण्याचे तीन भाग पाडले. धडधाकट वाटत असताना माणूस तब्येत राखायला जे करतो ते पहिलं. बरं वाटेनासं झालं की काय झालंय आणि काय करावं हे ठरवायला जे करतो ते दुसरं. आणि आपण आजारी आहोत हे मानल्यावर बरं होण्यासाठी जे करतो ते तिसरं. प्रश्नातला शब्द यांतला दुसरा. 'आजार-वर्तन' हा जोडशब्द मला अगदीच निर्जीव वाटतो. 'आजारपणातलं वागणं' लिहावं, आणि उदाहरण द्यायचं तर मराठीत एक अस्सल वाक्प्रचार तयार आहे : दुखणं अंगावर काढणं. ताप आहे, पण खाडा परवडत नाही म्हणून एक गोळी घेऊन ठाण्याहून वाशीची गाडी पकडणारा माणूस हेच करत असतो. आपल्याला बरं नाही हे त्याला ठाऊक आहे, पण आजारी पडायची त्याला सोय नाही. बायका तर पांढरं जाणं, कंबरदुखी वर्षानुवर्षं अंगावर काढतात. केसपेपरवर अशा बाईबद्दल 'दुर्लक्ष केले' एवढंच लिहिणं अन्यायाचं आहे. का अंगावर काढलं, हे विचारणं नर्सचं काम.

तिसऱ्या भागाला आपल्याकडे 'अंथरूण धरणं' आहे. समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी 1951 मध्ये 'सिक रोल', म्हणजे आजारी माणसाची भूमिका, मांडला : आजारी माणसाला रोजच्या कामातून सूट, पण बरं होण्याची खटपट त्यानं करायची आणि सल्ला मानायचा. ही सूट घरानं मान्य केली नाही की त्याच अंथरुणाला 'सोंग' म्हणतात.

मनाच्या दुखण्यात तर शब्दच वाट अडवतात. ठाण्यातलं मनोरुग्णालय 1901 सालचं. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य टवाळीसाठी इतकं वापरलं गेलं, की झोप उडालेला, जेवणावरची वासना गेलेला माणूस तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जायलाही कचरतो. घरचे 'बाहेरचं काही असेल' म्हणत आधी देवऋषी गाठतात. हेही आजारपणातलंच वागणं. अशा घराशी बोलताना 'मानसिक रोगी' म्हणू नये. 'मनाला त्रास होतोय', 'झोप लागत नाही' असं म्हटलं की निदान बोलणं तरी सुरू होतं.

परीक्षेत पारिभाषिक शब्द म्हणून रोग, आजारपण आणि आजारपणातील वर्तन हे तीन लिहा. वॉर्डात मात्र पेशंट स्वतः जो शब्द वापरेल तोच पुढच्या प्रश्नात घ्या.