पन्नास कागद नासव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू गेलीस आणि लिनोलियमचा तुकडा खोदून, शाई लावून कागदावर उमटवलेला तुझा लिनोचा छाप माझ्या टेबलावरच राहिला. सिद्धेश्वराचं मंदिर, तळ्यातलं प्रतिबिंब, वर ढग. जलरंगात हेच चित्र तू डोळे झाकून काढतेस. लिनोत ढगांची ढेकळं झाली, पाण्याचा पत्ता नाही, आणि मंदिर उलटं आलं ते वेगळंच. "सर, हे माध्यम मला सूटच होत नाही," म्हणालीस आणि स्कूटीला किक मारलीस. रात्री मला झोप नाही. ते वाक्य माझं आहे गं. मी ते वर्षानुवर्षं वापरलंय.

नव्या माध्यमात पहिले पन्नास कागद चित्र काढायचं नाही. कागद नासवायचे. मोजून पन्नास.

तू काय केलंस? जलरंगातलं चित्र उचललंस आणि लिनोवर लादलंस. लिनो कसला असतो, हे त्याला विचारलंस का? जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि पाठीला तागाचं कापड. गार असला की अडतो, ऊब मिळाली की लोण्यासारखा कापला जातो. इतर गावी पोरं त्याला इस्त्रीनं शेकतात, आपल्याकडे गच्चीवर पाच मिनिटं ठेवला तरी पुरे. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घे. पंख्याखाली बसून खोदलंस तर हत्यार सटकणारच. आणि डावा हात नेहमी पात्याच्या मागे ठेव, समोर नाही. तुझ्या अंगठ्यावरची पट्टी मी पाहिली.

पन्नास तुकड्यांवर नुसत्या रेघा मार. उथळ, खोल, थरथरत्या. शाई कमी लावून बघ, जास्त लावून बघ. छापायचा प्रेस नसला तर वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घास. मग तुझं तुलाच कळेल की जलरंगात तू कागद पांढरा राखतेस आणि इथं काळ्यातून पांढरं खोदून काढायचंय. पाणी दाखवायला चार रेघा पुरतात. तू चाळीस मारल्यास.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. ग्राफ कागदावर एकेक चौकोन भरायचे. मोराची मान कितीही गोल असो, ग्राफवर ती पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. त्यावरून मागावरच्या जॅकार्ड यंत्राची कार्डं पाडायची. कार्डाला भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. दोऱ्याला तिरकी रेघ ठाऊकच नसते. हाताखाली नवा पोरगा आला की वडील त्याला महिनाभर मोर काढू द्यायचे नाहीत. चौकोन भर आणि मागापाशी जाऊन उभा राहा, बस्स. आमच्या घरात हे रोज चालायचं. मी बघत होतो, शिकलो मात्र नाही.

कारण मी हुशार होतो ना! चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला 'ए' ग्रेड, पोस्टर कलरमध्ये हात बसलेला. कलेच्या कॉलेजात पहिल्यांदा तेलरंग हाती आले तेव्हा तेही पोस्टर कलरसारखेच वापरले. खाली भरपूर तेल घालून जाड थर भरले आणि वर टर्पेंटाइननं पातळ करून बारीक काम केलं. दोन महिन्यांत वरचा थर तडकला. उन्हाळ्यातल्या शेतासारखं दिसत होतं चित्र. तेलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. म्हणून खाली कमी तेल आणि वर जास्त, असा क्रम लागतो. एवढी एक गोष्ट. शिकवणाऱ्यांनी सांगितली नाही, हे खरं. पण पन्नास बोर्ड नासवले असते तर रंगानंच सांगितली असती. मी एकच चित्र काढलं, तेही बक्षिसासाठी, आणि म्हणालो, तेलरंग मला सूट होत नाही. ट्यूबा कपाटात दगड झाल्या.

लोकांना वाटतं, नोकरीमुळे माझं चित्र मागे पडलं. वाटू दे वाटलं तर. तीस वर्षं शाळेत शिकवलं त्याची मला लाज नाही. एलिमेंटरीला बसलेल्या शेकडो पोरांचे हात मी सोडवलेत. पण शाळेला सुट्ट्या होत्या, रविवार होते. असो. हे तुला कशाला सांगतोय?

कागद महाग आहेत, हे तू म्हणणारच. मग बावीस बाय तीस इंचांचा एक ताव घे, त्याचे सोळा तुकडे कर. चार तावांत काम होतं. लिनोसाठी तर साधा पातळ कागदही चालतो आणि शाई पुसायला पॉवरलूमवाल्यांकडच्या चिंध्या मिळतात. पैशाचं कारण माझ्याजवळ चालणार नाही.

आणि वयाचं तर नाहीच नाही. पिकासो सत्तरी ओलांडल्यावर लिनो खोदत बसला होता. एकच ठोकळा, एक रंग छापायचा, पुन्हा खोदायचा, पुढचा रंग त्यावर. एकदा खोदलं की मागे फिरणं नाही. तू एकोणीस वर्षांची आहेस आणि एका छापावर रुसलीस!

पुढे कोळसा येईल, ॲक्रिलिक येईल. कोळसा हलका करायला पूर्वी पावाचा गर वापरायचे. आपल्या कडक भाकरीनं ते होत नाही, मी करून पाहिलंय. ॲक्रिलिक मे महिन्यात ब्रशवरच वाळेल. तेव्हाही पुन्हा हेच, आधी पन्नास नासव. सबमिशनची तारीख जवळ आली म्हणून दहावर थांबू नकोस.

तेलरंग मी मागच्या वर्षी पुन्हा आणले. सध्या एकतीसावा बोर्ड नासवतोय. हसू नकोस.

रविवारी सातला ये. साडेनऊपर्यंत गच्चीवर सोसेल असं ऊन असतं. लिनोचे तुकडे आण, रोलर आण, आईला सांगून एक जुना चमचा आण. मंदिराचं स्केच मात्र घरीच ठेव.

तुझे,
सर