न पाठवलेले अकरा अर्ज

समुपदेशक म्हणून मला सारखा विचारला जाणारा एक प्रश्न आहे, शब्द बदलतात पण प्रश्न तोच. "मॅडम, बाबा फौजेतून रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली, आता अचानक एका जुन्या जखमेच्या मागे लागलेत, तिची नोंद पाहिजे, मेडल पाहिजे, रात्र रात्र फायली काढून बसतात, जेवतानाही तोच विषय, त्यांना यातून बाहेर कसं काढू?" पुण्यात हा प्रश्न येणारच, दिघी-धानोरी-विश्रांतवाडीपासून वानवडी-घोरपडीपर्यंत गल्लोगल्ली फौजी घरं आहेत. उत्तर म्हणून एका काकांची गोष्ट सांगते, त्यांची आणि घरच्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, पलटण मुद्दाम सांगत नाही. त्यांना आपण हवालदार काका म्हणू.

पहिल्यांदा आली ती त्यांची मुलगी, हिंजवडीला जॉब करते, दोन तास ट्रॅफिक काढून माझ्याकडे पोचली आणि बसल्या बसल्या रडायलाच लागली. घरात रोज भांडण. भाऊ म्हणतो, "त्यातून पैसे मिळणारेत का? नाही ना, मग सोडा." आई काहीच बोलत नाही, स्वयंपाकघरात निघून जाते. आणि बाबा म्हणतात, "तुम्हाला नाही कळणार."

मी म्हटलं त्यांना घेऊन ये, पण 'समुपदेशनाला चला' असं म्हणू नकोस, 'एका मॅडमना तुमची फाईल बघायचीय' असं सांग. आणि मी खरंच फाईल बघणार होते, खोटं बोलून आणायचं नव्हतं.

काका आले ते कडक इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत, हातात निळी प्लास्टिकची फाईल. उजव्या पायावर भार देऊन उभे होते, बसा म्हटल्यावरच बसले. वय साठ-एकसष्ट. साताऱ्याकडचं गाव, 1984 ला भरती, 1987 ला पलटणीबरोबर श्रीलंकेत. तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगते, कारण मलाही त्या दिवशी लाज वाटली इतकं कमी माहीत होतं. 29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना तिकडे गेली, गेली होती शांतता राखायला आणि ऑक्टोबरात लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढाई जुंपली, त्यालाच ऑपरेशन पवन म्हणतात. शेवटचे जवान मार्च 1990 मध्ये परत आले, अकराशेहून जास्त आलेच नाहीत. जाफनाच्या बाजूला ताडाची झाडं, अरुंद रस्ते, आणि त्या रस्त्यांत पुरलेले सुरुंग. अशाच एका सुरुंगाचे स्प्लिंटर, म्हणजे स्फोटात उडालेले लोखंडाचे तुकडे, काकांच्या डाव्या मांडीत घुसले, वय तेव्हा बावीस. हेलिकॉप्टरने जाफनाजवळचा पलालीचा हवाईतळ, तिथून मद्रासचं मिलिटरी हॉस्पिटल. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच होती, ती त्यांची हॉस्पिटलच्या कॉटवर गेली. तीनेक महिन्यांनी फिट होऊन परत पलटणीत.

खरी गोम इथे आहे. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या जवानाची 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंद व्हायला लागते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीचा अधिकृत कागद, निघतो, आणि पुढचं सगळं, म्हणजे वूण्ड मेडल (त्यालाच पराक्रम पदक म्हणतात) असो की वॉर इंज्युरीची पेन्शन, त्या एका नोंदीवर उभं राहतं. काकांच्या बाबतीत ती नोंद कुठेतरी राहून गेली. बावीस वर्षांचं पोरगं, कागद बघतंय कशाला, पाय शाबूत राहिला यातच खूश. 2004 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले, खराडीत एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले, मुलांची शिक्षणं केली, विषय कधी काढलाच नाही.

मग आत्ताच का? घरच्यांना वाटायचं रिकामपण आलंय म्हणून. तसं नव्हतं. गुडघा दुखायला लागला, डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. एमआरआयच्या आधी फॉर्म भरून घेतात, शरीरात धातू आहे का म्हणून, कारण त्या मशीनचं चुंबक इतकं जबरदस्त असतं की आतला लोखंडाचा तुकडा हलू शकतो, गरम होऊ शकतो. काकांनी 'हो' लिहिलं. मग आधी एक्सरे काढला, त्यात चिंचोक्याएवढा एक तुकडा आणि दोन बारीक. टेक्निशियन मुलगा तिशीच्या आतला, त्याने विचारलं, "काका, हे काय आहे?" काका म्हणाले, "स्प्लिंटर. श्रीलंका, 87." तो म्हणाला, "श्रीलंकेत आपलं युद्ध झालं होतं?" आणि पुढे, "याचं काही पेपर आहे का तुमच्याकडे?"

नव्हतं.

तो मुलगा काही वाईट बोलला नाही, त्याचं कामच होतं ते विचारणं. पण काका मला म्हणाले, "मॅडम, मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये अर्धा तास बसलो. माझ्या मांडीत लोखंड आहे आणि कागदावर मी कधी जखमीच झालो नाही."

हे ऐकल्यावर मी एक चूक केली, ती सांगायला हवी. मी त्यांना धीर द्यायला मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण दिलं. आपल्या पुण्यातलेच, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, मग पोहायला शिकले आणि 1972 ला हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली 2018 ला आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 ला. म्हटलं बघा, उशिरा का होईना. काका शांतपणे म्हणाले, "त्यांनी देशासाठी गोल्ड आणलं. मी काय आणलं, एक लोखंडाचा तुकडा." मोठ्या माणसाचं उदाहरण देऊन मी त्यांची जखम अजून लहान करून ठेवली होती. तेव्हापासून मी कुणालाच असं उदाहरण देत नाही, निदान पहिल्या भेटीत तरी नाही.

मग मी फाईल मागितली. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), पलटणीतला एक फोटो, एक्सरेची फिल्म, आणि एक उत्तर, की अशी नोंद आढळत नाही. त्याच्या खाली अर्ज. एकामागून एक अकरा, सुवाच्य अक्षरात हाताने लिहिलेले, प्रत्येकावर वेगळी तारीख. मी विचारलं या सगळ्यांच्या पोचपावत्या कुठायत. काका खिडकीकडे बघायला लागले. पावत्या नव्हत्या कारण पहिलं उत्तर आल्यानंतर एकही अर्ज त्यांनी पाठवलाच नव्हता. घरचे समजत होते हा माणूस सरकारशी भांडतोय, आणि तो रात्री बसून अर्ज लिहीत होता आणि परत फाईलमध्ये ठेवत होता.

का, हे कळायला पुढच्या तीन भेटी गेल्या. सुरुंग फुटला त्या दिवशी त्यांचा पलटणीतला जोडीदार त्यांच्या पुढे चालत होता. तो गेला. काकांना लागलं ते त्याच्या मागे असल्यामुळे फक्त मांडीत. "तो पुढे नसता तर..." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा सोडून दिलं. आपण वाचलो याची टोचणी लागलेली माणसं मी खूप बघितलीत, अपघातातून वाचलेली, कोविडमध्ये बायको गेलेली, पण इथे त्यात अजून एक पीळ होता. मेडल मागायचं म्हणजे त्याच्या मरणावर आपली जखम मिरवायची असं त्यांना वाटायचं, आणि नाही मागायचं तर तो दिवस घडलाच नाही असं व्हायचं. मागावंसंही वाटतं आणि मागायची लाजही वाटते, म्हणून अर्ज लिहायचा आणि पाठवायचा नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, ते 2019 ला झालं, ते एकदा जाऊन आले होते, घरी सांगितलं होतं साईबाबांना जातो. मला म्हणाले, "भिंतीवर गेलेल्यांची नावं असतात मॅडम, आणि असायलाच पाहिजेत. जखमींची कुठे असतात?"

चौथ्या भेटीला मी काकूंना बोलावलं. काका पहिल्यांदा सलग सगळं बोलले, काकू पदर हातात गुंडाळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, मला काय झालं ते माहीत नव्हतं, पण तुम्हाला होतंय ते माहीत होतं. थंडीत पाय शेकते तो उगाच का? आणि दिवाळीत पहिला फटाका वाजला की तुम्ही आतल्या खोलीत येता, म्हणून मी तिथलं कपाट आवरत बसते." पस्तीस वर्षांत त्या दोघांमध्ये या विषयावर झालेलं हे पहिलं बोलणं. मी काहीच बोलले नाही, गरजच नव्हती.

फौजेत मेडिकल कॅटेगरीला शेप म्हणतात, इंग्रजी पाच अक्षरं, त्यातलं पहिलं एस ते मनाचं, मग कान, हातपाय, एकूण शरीर, डोळे. काका आयुष्यभर 'शेप वन' राहिले, म्हणजे कागदावर मनही एकदम फिट. खरं तर फटाक्याच्या आवाजाने दचकणं, झोपेतून घामाघूम उठणं, त्या विषयाच्या आसपासही न जाणं, हे सगळं तीस वर्षं चालू होतं. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, झोपेसाठी काही महिने गोळी चालली, त्यात कमीपणा नाही हे त्यांना पटवायला मात्र मुलीला बरंच झगडावं लागलं.

कागदाच्या कामाचं सांगते, मी वकील नाही, पण यातून जे शिकले ते हे. आधी मेडल आणि पेन्शन या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या करा. पेन्शनच्या क्लेमला मेडिकल बोर्ड, अपंगत्वाची टक्केवारी वगैरे लागतं, आणि उशिरा कोर्टात गेलं तर मागची थकबाकी बऱ्याचदा तीन वर्षांपुरतीच धरली गेलीय, सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये तसं म्हटलं होतं, म्हणजे भावाचा 'पैसे किती' हा प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त पहिला नव्हता. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, पण तिथे जायच्या आधी स्वतःचे मेडिकल कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात, 10 रुपये फी आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा लिहायचा ते सांगतात. आणि जुनी नोंद सापडत नसेल तर त्या दिवशी सोबत असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं अर्जाला बळ देतात.

सोबत असलेल्यांची. काका नेमके तिथेच अडले होते.

सेक्शन कमांडर, म्हणजे काकांच्या छोट्या तुकडीचे प्रमुख, कोल्हापूरकडचे, हयात आहेत हे काकांना माहीत होतं, पस्तीस वर्षांत एक फोन नाही केला. मुलीने माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून नंबर मिळवला आणि चिठ्ठीवर लिहून टीव्हीखाली ठेवून दिला, बाबांना काही म्हणाली नाही, हे तिचं तिनेच ठरवलं आणि मला फार आवडलं. नऊ दिवस चिठ्ठी तिथेच. दहाव्या दिवशी सकाळी काका गच्चीवर गेले आणि सव्वा तास खाली आलेच नाहीत. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "लेका, तुझ्या मांडीला पट्टी मीच बांधली होती, साक्षीदार कशाला शोधतोयस?" आणि दुसरं जे आलं ते काकांनी मला सांगताना दोनदा थांबून सांगितलं, "त्याला पुढं मी लावलं होतं. तू नाही." म्हणजे तो माणूसही तिकडे तेच ओझं घेऊन बसला होता.

तेव्हा 'बाबांना यातून बाहेर कसं काढू' असं विचारणाऱ्या मुलामुलींना माझं म्हणणं एवढंच, की 'सोडून द्या' हे वाक्य आधी बंद करा. त्यांनी काय धरून ठेवलंय हे माहीत नसताना ते सोडायला सांगू नका. त्याऐवजी एका रविवारी वही घेऊन बसा आणि विचारा, काय झालं होतं त्या दिवशी, कोण कोण होतं, कुठे लागलं. मेडल मिळेल की नाही हे विचारू नका. ते बोलायचे थांबले तर थांबू द्या, परत पुढच्या रविवारी बसा. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, 'जगून काय उपयोग' असं काही तोंडून येत असेल तर मात्र वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे बोला नाहीतर सरळ डॉक्टरांकडे न्या.

काकांचा बारावा अर्ज या पावसाळ्यात गेला, एक्सरेची प्रत आणि कोल्हापूरच्या साहेबांचं प्रतिज्ञापत्र जोडून. स्पीडपोस्टाच्या रांगेत मुलगा उभा होता, तोच, पैसे मिळणारेत का विचारणारा. अजून उत्तर आलेलं नाही. गुडघ्याचं सीटी स्कॅनवर भागलं, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी नव्या केसपेपरवर लिहिलंय, 1987, सुरुंगस्फोट, डाव्या मांडीत स्प्लिंटर. काका तो कागद माझ्याकडे घेऊन आले होते, निळ्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय. आणि दर रविवारी सकाळी गच्चीवरून कोल्हापूरला फोन असतो, आता त्या वेळी काकू चहा वरच नेऊन देतात.