उपनगरात नव्याने राहायला आल्यावर वसाहतीच्या कामात पडावे का, आणि घरचे प्रसंग शेजाऱ्यांबरोबर साजरे करावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उपनगरात घर घेऊन तुम्हांला दोन वर्षे झाली. दोघांच्याही नोकऱ्या आहेत आणि दिवसाचा मोठा भाग प्रवासात जातो. मूल पुढच्या वर्षी शाळेत जाईल, त्याच सुमारास आई कायमची राहायला येणार आहे. शेजाऱ्यांशी असलेली ओळख मात्र अजून येता-जाता मान हलवण्यापलीकडे गेलेली नाही. अशा स्थितीत वसाहतीच्या कामात पडावे का, आणि घरातले महत्त्वाचे प्रसंग शेजाऱ्यांबरोबर साजरे करावेत की घरापुरते ठेवावेत, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही हे दोन स्वतंत्र प्रश्न मानले आहेत. अकरा वर्षे उपनगरात काढल्यावर मला मात्र त्यांतला पहिला दुसऱ्याच्या पोटात दडलेला दिसतो. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आम्ही येथे आलो तेव्हा मोठी मुलगी दीड वर्षाची होती. पहिली चार वर्षे तिचा वाढदिवस आम्ही शहरातल्या जुन्या मित्रांकडे जाऊन साजरा केला, कारण आमच्या समजुतीप्रमाणे आपली माणसे तिकडे होती. पुढच्या वर्षी तिने स्वतःच निमंत्रणाची यादी केली. नुकतीच अक्षरे शिकलेली असल्यामुळे काही मजकूर तिने लिहिला होता आणि काही माझ्याकडून लिहवून घेतला होता: लाल सायकलवाली, कुत्र्याचा दादा, जिन्यातली जुळी, पायाला प्लास्टर होते तो. यादीतले एकही मूल शहरातले नव्हते. त्यांच्यापैकी एकाच्याही आईवडिलांचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते, त्यामुळे निमंत्रण द्यायला कोणत्या दारावर जायचे हे आम्हांला आमच्याच मुलीला विचारावे लागले. ती यादी हातात घेऊन जिने चढताना मला जी लाज वाटली, तिथूनच माझ्या वसाहतीतल्या कामाची खरी सुरुवात झाली.

ओळखी न होण्याचा दोष माणसांच्या स्वभावावर टाकण्याची आपल्याला सवय असते. 'इथले लोक फार आपल्यापुरते आहेत' हे वाक्य मीही पुष्कळदा उच्चारले आहे. प्रत्यक्षात दारे, जिने आणि रस्ते यांचा त्यात मोठा वाटा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो १९५० साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावर पाच घरे असलेल्या तिथल्या इमारतींत लगतच्या घरातल्या माणसाला जवळचा मित्र म्हणणारे सुमारे ४१ टक्के निघाले, एक घर सोडून पुढे गेल्यावर हे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर आले आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला अवघ्या १० टक्क्यांवर. अंतर काही पावलांचेच होते. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी झाल्या होत्या, कारण वरच्यांना त्यांच्या दारावरूनच जावे लागे. आता उपनगरातला आपला दिनक्रम पाहा: सकाळी घराच्या दारातून गाडीच्या दारापर्यंत, संध्याकाळी गाडीच्या दारातून घराच्या दारापर्यंत. आपल्या वाटेवर कोणाचे दारच लागत नाही. तेव्हा वसाहतीचे काम पत्करणे म्हणजे स्वतःसाठी असा एखादा जिना बांधून घेणे होय, आणि समाजसेवेचा मोठा शब्द त्याला लावण्याची मला गरज वाटत नाही.

काम कोणते घ्यावे, यावर माझे मत ठाम आहे: लहान, ठरावीक वेळेचे आणि पुन्हा पुन्हा होणारे. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाचे काम नव्या माणसाला भुरळ घालते, परंतु त्या दोन दिवसांत शंभर माणसांशी बोलून एकाशीही ओळख होत नाही. मी वसाहतीच्या वाचनालयातला शनिवारचा एक तास घेतला. वाचनालय म्हणजे एक खोली, तीन कपाटे आणि एक नोंदवही. मधल्या कपाटाचे खालचे दार गुडघ्याने दाबून धरल्याशिवाय कुलूप लागत नसे, आणि ही युक्ती मला पहिल्या शनिवारी एका आठ वर्षांच्या मुलाने दाखवली. सुरुवातीला तासाभरात चार माणसे येत. तरीही नोंदवहीत नाव लिहिता लिहिता कोणाची बदली झाली आहे, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, कोण आजारातून उठले आहे हे न विचारता कळू लागले. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणण्याइतकी जवळीक यायला ९० तासांच्या आसपास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक, असा अंदाज मांडला आहे. आठवड्याला एक तास धरला तर वर्षाला सुमारे ५० तास होतात. दोन वर्षांत कोणी मित्र झाला नाही अशी खंत तुम्ही व्यक्त केली आहे; मान हलवण्याच्या तीन-तीन सेकंदांची बेरीज करून पाहा, म्हणजे तुमच्यात किंवा त्यांच्यात काही उणे नसल्याचे लक्षात येईल.

पदे घेण्याची घाई मात्र करू नये. वाचनालयाच्या दुसऱ्या वर्षी मला सचिव व्हा असा आग्रह झाला आणि मी फुशारकीने होकार दिला. त्या वर्षी पाण्याच्या पंपावरून वाद पेटला होता आणि सभा दर आठवड्याला, रात्री उशिरापर्यंत चालत. मुलीच्या शाळेत तिचे रंगमंचावरचे पहिले काम होते, त्याच संध्याकाळी मी इतिवृत्त लिहीत बसलो होतो. ती झाडाच्या वेषात होती, तिला एकच वाक्य होते आणि ते तिने प्रेक्षकांत मला शोधत थांबून थांबून म्हटले, असे पत्नीने घरी आल्यावर सांगितले. पंपाचा निर्णय त्या सभेतही झाला नाही. त्यानंतर मी एक पद्धत पाडली, ती तुम्हांलाही सुचवतो: वर्षाच्या सुरुवातीला घरातले प्रसंग दिनदर्शिकेवर आधी लिहावेत, शाळेचा पहिला आठवडा, कोणाची शस्त्रक्रिया, आईचे येणे, आणि उरलेल्या जागेत मावेल तेवढेच काम पत्करावे, शिवाय काम घेताना ते किती महिन्यांसाठी घेत आहोत हेही सांगून ठेवावे. मुदत सांगून घेतलेले काम सोडताना कोणाचे मन दुखत नाही.

आता घरच्या प्रसंगांविषयी. आर्नोल्ड व्हॅन गेनेप या मानववंशशास्त्रज्ञांनी १९०९ साली असे मांडले की जन्म, वयात येणे, विवाह, मृत्यू अशा प्रसंगांचे विधी निरनिराळ्या समाजांत तीन टप्प्यांनी होतात: माणूस आधीच्या अवस्थेपासून वेगळा होतो, काही काळ अधांतरी राहतो आणि मग नव्या रूपात पुन्हा समाजात घेतला जातो. आजच्या काळात पहिले दोन टप्पे बहुधा संस्थांच्या हाती पार पडतात. मूल रुग्णालयात जन्मते आणि समारंभ सभागृहात होतो. तिसरा टप्पा मात्र कोणत्याही संस्थेला पार पाडता येत नाही, कारण त्यासाठी तुम्हांला काल पाहिलेली आणि उद्याही पाहणारी माणसे लागतात. नव्या बाळाला घेऊन जिना चढताना कोणीतरी दार उघडून डोकावणे, किंवा वडील गेल्यानंतर प्रथमच कामावर निघालेल्या माणसाला फाटकापाशी क्षणभर कोणीतरी थांबवणे, हे त्या टप्प्याचे काम आहे. दूरचे मित्र समारंभाला येतात आणि त्याच रात्री परत जातात. मंगळवारी सकाळी भेटतो तो शेजारी, मग तो आवडता असो वा नसो.

दुसऱ्या मुलाच्या वेळी पत्नीला रात्री दोनच्या सुमारास कळा सुरू झाल्या. मुलगी झोपली होती आणि नातेवाईक यायला दीड तास लागणार होता. मी ज्या दारावर टकटक केली, ते पुस्तके नेहमी मुदत उलटून परत करणाऱ्या एका बाईंचे होते. त्यांच्याशी माझे बोलणे तोवर नोंदवहीपुरतेच झाले होते. त्या चष्मा शोधत दाराशी आल्या, काही न विचारता आत वळून उशीजवळचे पुस्तक उचलले आणि आमच्या घरी येऊन मुलीच्या खाटेशेजारी खुर्चीत बसल्या. सकाळी मुलगी उठली तेव्हा तिच्यासमोर दर शनिवारच्या आजी बसलेल्या होत्या, त्यामुळे ती रडली नाही. त्या दिवसापासून त्या बाईंचे आमच्या घरी येणे-जाणे सुरू झाले, आणि मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या 'मी याला जन्माच्या आधीपासून ओळखते' असे पाहुण्यांना बजावून सांगतात. एक गोष्ट मला तेव्हा कळली: मी त्यांना दोन वर्षे पुस्तके देत होतो त्याने जे झाले नाही, ते त्यांच्याकडे मदत मागितल्याने एका रात्रीत झाले. आपण उपयोगी पडण्याची तयारी दाखवतो, परंतु कोणाचा उपयोग करून घेण्याचा संकोच करतो. हा संकोच समोरच्याला दूर ठेवतो.

वडील गेले तेव्हाचाही एक प्रसंग आहे. गाडी लावण्याच्या जागेवरून एका गृहस्थांशी वर्षभर माझा अबोला होता. त्या दिवशी ते स्वतःची गाडी बाहेर रस्त्यावर ठेवून, येणाऱ्या प्रत्येकाची गाडी हाताच्या खुणेने आत घेत दोन तास फाटकाशी उभे होते. आत येऊन मला भेटले नाहीत. काय बोलावे हे त्यांना सुचले नसावे, मलाही पुढे कित्येक दिवस सुचले नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नात गाड्या लावून घेण्याचे काम मी मागून घेतले.

याचा अर्थ प्रत्येक प्रसंगाला सगळ्या वसाहतीला बोलवावे असा नाही. आमच्याकडे मुलांच्या प्रसंगांना मुलांनी ठरवलेली माणसे येतात, मोठ्यांच्या प्रसंगांना जिन्यातली घरे येतात आणि सर्वांना बोलावणे वर्षानुवर्षांतून एखादेवेळी होते. निमंत्रण शक्यतो दारावर जाऊन द्यावे. मोबाइलवरच्या सामाईक गटात टाकलेले निमंत्रण कोणालाच आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. भेटवस्तूंचा पायंडा सुरुवातीलाच मोडावा, नाहीतर बोलावणे हे ओझे होते. इतरांच्या मुलांची छायाचित्रे त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कोठेही देऊ नयेत. नोकरी जाणे, संसार मोडणे, मुलाचे अपयश हीदेखील कुटुंबातली वळणेच असतात, परंतु ती कोणाला सांगायची याचा निर्णय ज्याच्यावर ती आली त्याचाच असावा. अशा वेळी शेजाऱ्याने माहीत असूनही न विचारणे हा मोठा आधार असतो.

मुले मोठी झाल्यावर उपनगराचे रूप पालटते, हेही आताच ध्यानात ठेवावे. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गान्स १९५८ मध्ये न्यू जर्सीतील लेव्हिटाउन या नव्याकोऱ्या उपनगरात इतर रहिवाशांप्रमाणे घर घेऊन सुमारे दोन वर्षे राहिले होते. बहुतेक प्रौढ तिथे समाधानी असल्याचे त्यांना आढळले. कंटाळल्याची तक्रार होती ती किशोरवयीन मुलांची, कारण त्यांना जमायला जागाच नव्हती. आमच्या वाचनालयात संध्याकाळी सातनंतरचा तास आता याच वयाच्या मुलांकडे दिला आहे. ती पुस्तके फारशी वाचत नाहीत. नोंदवही मात्र आमच्यापेक्षा नीट ठेवतात.

शेवटी तुमच्या आईविषयी, कारण प्रश्नात तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे आणि मला ती बाब सर्वांत मोठी वाटते. मुलाच्या शाळाप्रवेशाचे कौतुक सगळे करतील. उतारवयात आपले गाव, आपली ओळख सोडून मुलाच्या घरी राहायला येण्याचा सोहळा कोणी करत नाही. जिथे तिला चाळीस वर्षे नावाने हाक मारली गेली तिथून उठून ती तुमच्या वसाहतीत 'अमक्यांची आई' होणार आहे. वडील गेल्यानंतर माझी आई आमच्याकडे आली तेव्हा पहिले तीन महिने खिडकीत बसून होती. नंतर वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांना कागद चिकटवायला बुधवारी कोणीतरी हवे होते, म्हणून तिला घेऊन गेलो. आता बुधवारची किल्ली तिच्याकडे असते आणि मुदत उलटली तर ती मलाही सोडत नाही. तुमची आई येण्याआधी तिच्या हाताला जमेल असे आठवड्याचे एक काम वसाहतीत हेरून ठेवा. आल्यावर पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा, तिची ओळख तिच्या नावाने आणि तिने आयुष्यभर केलेल्या कामाने करून द्या. दुसऱ्या वेळी सोबत जाऊ नका.