काका अकाउंटंट होते. त्यांच्यावर आठवणलेख लिहायचाय, पण 'कुटुंबवत्सल, समाजसेवेची आवड, अनेक छंद' याच्यापुढे काय लिहू?

तुम्ही लिहिलंय की काकांच्या वर्षश्राद्धाला दोन-तीन पानं छापायची आहेत, आणि आयुष्यभर आकडेमोड करणाऱ्या माणसाबद्दल लोकांनी वाचावं असं काय असतं ते कळत नाही. आधी ते तीन शब्द खोडा. पेपरातल्या निधनवार्तेत ते कुणालाही चिकटवतात, ज्यांनी बायकोशी धड बोलणं केलं नाही त्यांनासुद्धा. त्यांच्या जागी घरच्यांना एकच प्रश्न विचारा: काकांनी कुणाकुणाचे हिशेब फुकट लिहिले? अकाउंटंट माणूस समाजसेवा वेगळी उठून करायला जात नाही. तो तीच वही, तेच पेन घेऊन दुसरीकडे बसतो. तिथून धागा धरलात की घर आणि छंद आपोआप येतात.

माझे मामा गेले तेव्हा मीही असाच लेख लिहिला होता, त्यांचंच उदाहरण देतो. आम्ही बेळगावचे, मामांचं ऑफिस तिथल्याच शहापुरात. सीए नव्हेत ते, बी. कॉम. होऊन टॅक्स प्रॅक्टिशनर. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांची, खडेबाजारातल्या कापडवाल्यांची, रविवार पेठेतल्या भुसारवाल्यांची कीर्द-खतावणी, म्हणजे रोजची वही आणि खातेवही, लिहायची, विक्रीकराची विवरणपत्रं भरायची. कॉलेजात असताना मी त्यांच्या हाताखाली बसायचो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची पडताळणी, जुळली नाही की मी घाम पुसत सगळ्या बेरजा पुन्हा करायला घ्यायचो. मामा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आधी फरक किती आलाय ते सांग. नऊनं भाग जातोय काय बघ की." भाग गेला तर बहुधा कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत, ५४० चे ४५० झालेत. जात नसेल तर फरक निम्मा करायचा आणि ती रक्कम शोधायची, म्हणजे जमेची नोंद नावे पडली असेल तर सापडते. युक्ती जुनीच, जगभरचे हिशेबनीस वापरतात. पण तुमच्या काकांची अशी एखादी युक्ती असणारच. ती लेखात घ्या. लोकांना माणूस दिसतो तो असल्या वाक्यांतून.

सीमाभागातल्या हिशेबनिसाला एक काम जादा असायचं. आमची सोयरीक कोल्हापूरकडची, देव तिकडचा, पेपर तिकडचा, पण माल तिकडून आला की तो परराज्यातला. केंद्रीय विक्रीकर सवलतीच्या दरानं पडायला हवा असेल तर इथल्या व्यापाऱ्यानं विक्रीकर खात्याकडून सी फॉर्म घेऊन तिकडच्या व्यापाऱ्याला पाठवायचा. नाही पाठवला तर त्याला पूर्ण कर भरावा लागायचा आणि दोन पिढ्यांचे संबंध तुटायचे. मामा म्हणायचे, "कोल्हापूरची सून आणली तर काय लागत नाही. सूत आणलं की सी फॉर्म!" १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सी फॉर्मची ती यातायात बहुतेक मालापुरती संपली. मामांचा विनोदही संपला, तरी ते करायचेच.

आता फुकट लिहिलेले हिशेब. आमच्याकडे शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला. मग चित्ररथांची मिरवणूक निघते ती संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. गल्लीगल्लीचं मंडळ, गल्लीगल्लीची वर्गणी. आमच्या गल्लीच्या मंडळाचे हिशेब मामांकडे होते. पावतीपुस्तकं परत आल्याशिवाय ते कुणाला सोडायचे नाहीत. कोरं पुस्तकसुद्धा परत पाहिजे, कारण 'कोरं आहे' हे बघितल्याशिवाय कसं कळणार? पुस्तकात राहिलेल्या स्थळप्रती नंबरानं लावायच्या, खर्चाची बिलं पिना मारून एका फायलीत, आणि मग सगळा जमाखर्च देवळाजवळच्या फळ्यावर खडूनं.

एका वर्षी पोरांनी खर्चाच्या यादीत शेवटी 'इतर' लिहून आणलं. रक्कम लहान नव्हती. मामा म्हणाले, "इतर म्हणजे कोण? त्याला नाव नाही काय?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एकजण बोलला, "मामा, मिरवणुकीनंतर कार्यकर्त्यांना जेवण घातलाव. मटण होतं." वर्गणी देणाऱ्यांत माळकरी होते, लिंगायत होते, दोन जैन दुकानदार होते. पोरांचं म्हणणं, फळ्यावर मटण कसं लिहायचं? मामा उठले, स्वतः खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: कार्यकर्त्यांचे जेवण, मटण. पुढे रक्कम. "रात्रभर रथ ओढलाय पोरांनी. खाल्लं तर खाल्लं. लपवलासा की मग लोक विचारतील आणखी काय लपवलंय." माळकऱ्यांपैकी एकानं फळ्यापुढे उभं राहून फक्त एवढंच विचारलं की किलोला काय भाव लावला. भाव जास्त लावला होता म्हणे. पुढच्या वर्षी मटण त्यानं सांगितलेल्या दुकानातून आलं!

हा प्रसंग मी लेखात घातला तेव्हा मामेबहिणीला ते बरं वाटलं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या आठवणीत मटण कशाला? मी ठेवलं. 'अत्यंत पारदर्शक व्यवहार' असं लिहिलं असतं तर कुणाला काय कळलं असतं?

फुकटच्या कामातलं दुसरं मोठं काम कागद वाचून देण्याचं. इथले सरकारी कागद कन्नडमध्ये येतात. घरपट्टीची नोटीस, शेताचा उतारा, वीजबिलावरची सूचना. मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यातलं काही लागत नाही. मामांना कन्नड वाचता-लिहिता यायचं, रविवार पेठेतल्या गिऱ्हाइकांमुळे. रविवारी सकाळी ऑफिसच्या कट्ट्यावर येळ्ळूरचे, खानापूरकडचे लोक पिशवीत कागद घेऊन बसलेले असायचे. मामा वाचून मराठीत सांगायचे, अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायचे आणि त्याची एक मराठी प्रत पाठीमागे जोडायचे, "आपण काय मागितलंय ते आपल्याला कळायला नको?" बाजारात बसणाऱ्या बायका पिग्मीचं, म्हणजे रोजच्या बचतीचं, कार्ड घेऊन यायच्या. रोज एजंटाला दिलेले पैसे कार्डावर असतात. ते सोसायटीच्या पासबुकात उतरलेत का हे महिन्याला एकदा ताडून बघायचं, एवढं एकच त्यांनी त्या बायकांना शिकवलं. एका सोसायटीत ते उतरले नव्हते. ती सोसायटी पुढे बुडाली, पण कट्ट्यावरच्या बायका त्याआधीच पैसे काढून मोकळ्या झाल्या होत्या.

आणि हेच मामा दर १ नोव्हेंबरला ऑफिस बंद ठेवून, काळी फीत लावून काळ्या दिनाच्या फेरीत चालायचे. १९५६ साली त्या तारखेला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, तेव्हापासून तो दिवस पाळणाऱ्या घरातले ते. शहरात त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही असते. दुसऱ्या दिवशी त्यांचे कन्नड व्यापारी नेहमीसारखे वह्या घेऊन हजर. एक भुसारवाले तर चहा पिताना विचारायचे, "काल फेरी मोठी होती की नाही?" मामा विचारायचे, "तुमची?" मग कीर्द उघडायची. बाहेरच्या लोकांना हे विसंगत वाटतं. इथं राहणाऱ्याला त्यात समजावून सांगण्यासारखं काही दिसत नाही. तुमच्या काकांच्या आयुष्यातही एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी असतील. त्या तशाच शेजारी शेजारी ठेवा, जुळवायला जाऊ नका.

घराबद्दल. पूर्वी बऱ्याच व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीला संपायचं; लक्ष्मीपूजनाला वहीपूजन, पाडव्याला नवी वही. त्यामुळे लग्नानंतरच्या सगळ्या दिवाळ्या मामीनं एकटीनं काढल्या, नवरा दुसऱ्यांच्या दुकानात शिल्लक काढत बसलेला. १ एप्रिल १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष मार्चअखेर झालं आणि आमच्या मामीच्या घरात दिवाळी आली. "सरकारनं माझ्यासाठी एवढं एक केलं," असं ती अजून म्हणते. मार्च आणि जुलै हे दोन महिने मात्र गेलेच. म्हणून ३१ जुलैची मुदत उलटली की पुढच्या रविवारी सगळं खटलं आंबोलीला, भर पावसात, छत्र्या उलट्या होईपर्यंत. 'कुटुंबवत्सल' म्हणायचं तर ते इतकंच, पण ते कधी चुकलं नाही. आणखी एक: घरखर्चाची वही त्यांच्या घरात नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "दिवसभर दुसऱ्यांच्या घरचा खर्च बघतोय, आता हिचाबी बघू?" मामीच्या डब्यात किती आहेत हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मामीनं त्या डब्यातून मोठ्या मुलीच्या पाटल्या केल्या.

छंद दोन. एक पेटी, एकादशीच्या भजनात वाजवायचे, बेताची. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही आणि मी लिहिलंही नाही.

दुसरा छंद मोडी लिपीचा, आणि हा खरा. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. जुन्या घरांच्या माळ्यावर त्या काळचे कागद, सावकारी वह्या पडून असतात, सगळ्या मोडीत. मामांना त्यातलं अक्षर कळेना, पण बेरीज कळायची, आणि कुणाची बेरीज वाचता येते पण नाव वाचता येत नाही हे त्यांना सहन होईना. पन्नाशीनंतर शिकले. आधी पानभर आडव्या रेघा मारायच्या, अक्षरं त्यांना खाली लटकवत न्यायची, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. संध्याकाळी ऑफिस संपलं की टेबलावर भिंग, पाटी आणि कुणाच्यातरी पणज्याची वही. रकमांची रीत त्यांनी मला दाखवली होती: रुपयांच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा, आणि मधले सुटे आणे त्यापुढे छोट्या रेघांनी. १९५७ साली नवे पैसे आले, तोवर हे त्यांनी शाळेत पाठ केलेलं. पावकी, निमकी, पाऊणकी त्यांना झोपेतही यायची. एकदा एका मागवाल्याच्या आजोबांची वही वाचताना ते मध्येच हसायला लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाची तेरीज जुळत नव्हती आणि त्यानं शेवटी 'किरकोळ' म्हणून सव्वा रुपया घालून पान मिटवलं होतं. मामांनी दोन संध्याकाळ घालवून तो सव्वा रुपया शोधला. तेलाच्या खात्यावर होता. मागवाल्याला त्याचं काडीइतकं कौतुक नव्हतं. त्याला फक्त खालच्या परड्याची हद्द कुठपर्यंत ते हवं होतं. तेही वाचून दिलं.

आता तुमच्या कामाचं. घरच्यांकडून पानभरापेक्षा जास्त मिळणार नाही, कारण अकाउंटंट घरी कामाचं बोलत नाही. काकांच्या ऑफिसातला शिपाई, समोरचा चहावाला, देवस्थानचा किंवा वाचनालयाचा खजिनदार, यांच्याकडे जा. त्यांना 'स्वभाव कसा होता' असं विचारू नका, 'देवमाणूस' एवढंच म्हणतील. 'काका कशावरून चिडायचे?' असं विचारा. मामांबद्दल मला सगळ्यात चांगलं तिथूनच मिळालं: कुणी कोऱ्या व्हाउचरवर सही मागितली की ते काही न बोलता पेनाला टोपण लावायचे.

संस्थांची नावं, पदं, सालं यांची यादी एका छोट्या चौकटीत द्या. मजकुरात पेरलीत तर वाचणारा दुसऱ्या परिच्छेदात पान उलटेल. सालं मात्र कागदावरून घ्या, कुणाच्या आठवणीवरून घेऊ नका. काकांच्या हस्ताक्षरातलं एखादं पान छापणार असाल तर ते घरगुती किंवा मंडळाच्या वहीतलं निवडा. गिऱ्हाइकाच्या वहीतलं पान कितीही सुंदर असलं तरी नको, जुनं असलं तरी नको. मामांच्या वेळी आम्ही गणपतीच्या वर्गणीचं पान घेतलं, आणि त्यातही कुणी किती दिले तो रकाना छापखान्यात झाकायला सांगितला.