चार मिनिटांनी थिजणारं चित्र

प्रश्न : ताई, आमच्याकडे २४ आयपी कॅमेरे आहेत. प्रत्येकाचा व्हिडिओ साधारण ४ मेगाबिटचा, मल्टिकास्टने (एकदाच पाठवायचं, हवं त्या सगळ्यांनी घ्यायचं) जातो, ग्रुप म्हणजे मल्टिकास्टचे पत्ते २३९.१०.१.१ पासून पुढचे. तीन पीसींवर तो बघतात. सगळं एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या एका वेगळ्या नेटवर्कमध्ये), मध्ये राउटर नाही. पूर्वी हा व्हिडिओ प्रत्येक पोर्टवर जायचा आणि १०० मेगाबिटवर चालणारे जुने पीसी रडायचे, म्हणून स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे ज्याने मागितलं त्याच पोर्टवर मल्टिकास्ट पाठवणं, चालू केलं. आता चित्र चार मिनिटं आणि वर काही सेकंद छान चालतं, मग थिजतं. व्ह्यूअर बंद करून उघडला की पुन्हा तेवढंच. कॅमेरेवाले म्हणतात स्विच खराब आहे. स्नूपिंग बंद करू का?

उत्तर : नका करू. स्विच ठणठणीत आहे. "चार मिनिटं आणि वर काही सेकंद" एवढं वाचलं आणि दुखणं कळलं. स्टॉपवॉच लावून बघा, २६० सेकंदांच्या आसपास भरेल.

स्नूपिंगमध्ये स्विच फक्त कान देऊन असतो. व्ह्यूअर उघडला की पीसी आपणहून एक रिपोर्ट पाठवतो, 'मला अमुक ग्रुप हवा'. स्विच ते ऐकतो आणि त्या पोर्टचं नाव वहीत टिपतो. पण ही नोंद कायमची नसते. दर १२५ सेकंदांनी कुणीतरी हजेरी घ्यायची, 'कोणाकोणाला काय हवंय?', आणि पीसींनी १० सेकंदांच्या आत 'हजर' म्हणायचं, अशी रीत आहे. दोन हजेऱ्या आणि वर १० सेकंद, म्हणजे २६०, एवढ्या वेळात आवाज आला नाही तर स्विच नाव खोडतो. ही हजेरी एरवी राउटर घेतो. तुमच्याकडे तो नाही. मग पीसी गप्प, स्विचही गप्प, आणि चित्र थिजलेलं. कोणाचंच चुकलेलं नाही म्हणून तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवताहेत.

इलाज म्हणजे एका स्विचवर त्या व्हीलॅनसाठी आयजीएमपी क्वेरिअर, म्हणजे हजेरी घेणारा, चालू करणं. त्या व्हीलॅनमध्ये स्विचला स्वतःचा आयपी पत्ता द्या. पत्ता नसला तर काही स्विच ०.०.०.० वरून क्वेरी, म्हणजे ती हजेरीची हाक, पाठवतात, आणि ती मनावर न घेणारी उपकरणंही असतात.

कोणत्या स्विचवर, हे मात्र विचार करून ठरवा, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. घाईत मी क्वेरिअर हाताशी असलेल्या टोकाच्या स्विचवर चालू केला. ज्या पोर्टवरून क्वेरी येते त्या दिशेला बाकीचे स्विच सगळे मल्टिकास्ट ग्रुप पाठवत राहतात, कुणी मागो न मागो. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं, हाताला नव्हतं. त्या स्विचची वरची जोडणी १०० मेगाबिटची. तुमचाच हिशोब घाला : २४ गुणिले ४ म्हणजे ९६. त्या खोलीतल्या लोकांना साधी फाइल उघडेना, आणि त्यांच्यातलं कुणी कॅमेरा बघतही नव्हतं! म्हणून क्वेरिअर मधल्या, जाड जोडणीच्या स्विचवरच ठेवा. दुसऱ्या एकावर राखीव ठेवा. एकाहून अधिक क्वेरिअर असतील तर सर्वांत लहान आयपी पत्त्याचा निवडून येतो, तेव्हा मधल्या स्विचला लहान पत्ता द्या. काही स्विचवर या निवडणुकीचा पर्याय वेगळा असतो, तोही चालू करा.

मेन्यूत आणखी दोन मोहात पाडणारी बटणं दिसतील. 'फास्ट लीव्ह', म्हणजे कुणी 'आता नको' म्हणताच पोर्टचं नाव लगेच खोडणं, फक्त त्या पोर्टवर लावा जिथे एकच पीसी आहे. खाली छोटा स्विच आणि दोन बघणारे असतील तर एकाने व्ह्यूअर बंद केला की दुसऱ्याचंही चित्र जातं. 'अनोळखी मल्टिकास्ट टाकून द्या' याला तूर्त हात लावू नका. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) शेजारी शोधण्यासाठी मल्टिकास्टच वापरतं, काही स्विचवर तेही या झाडूखाली येतं.

ग्रुपचे पत्ते मात्र चांगले निवडलेत. बरेच जण २३९.०.०.१ पासून सुरू करतात. मल्टिकास्टच्या मॅक पत्त्यात (आयपीच्या खालच्या थरातला, स्विच वाचतो तो पत्ता) आयपीचे शेवटचे २३ बिटच उतरतात, त्यामुळे ३२ ग्रुपना एकच मॅक येतो. २३९.०.०.१ चा मॅक आणि २२४.०.०.१ चा मॅक एकच. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा स्विचने सगळीकडे पाठवायचा असतो, आणि मॅकवरून निर्णय घेणारे स्विच त्याच्यासोबत तुमचा कॅमेराही सगळीकडे पाठवतात.

प्रश्न : प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये नेले. आयपी टाकून छपाई होते, पण फोनवर प्रिंटर आपोआप दिसत नाहीत. स्नूपिंग बंद करून पाहिलं, उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नाही. फोन प्रिंटर शोधतो तो बहुधा एमडीएनएसने (आपल्याच नेटवर्कमध्ये हाक मारून उपकरणं शोधायची पद्धत), २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, पोर्ट ५३५३. तो वरच्याच पट्ट्यातला. राउटर त्याला व्हीलॅनबाहेर जाऊच देत नाही, मल्टिकास्ट राउटिंग चालू केलं तरी. राउटरवर किंवा वायरलेस कंट्रोलरवर 'एमडीएनएस गेटवे' किंवा 'रिफ्लेक्टर' शोधा, आणि त्यात फक्त छपाईची सेवा पलीकडे जाऊ द्या. सगळंच सोडलंत तर प्रत्येक फोनला प्रत्येक खोलीतला पडदा दिसू लागेल.

प्रश्न : एलएलडीपी (उपकरणं शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगतात ती सोय) चालू ठेवावं की बंद?

उत्तर : स्विच-स्विचमध्ये चालू. कोणती वायर कुठे जाते हे शेजाऱ्यांच्या यादीत पोर्टसकट दिसतं. वरच्या कॅमेरेवाल्या वाचकांना मधला स्विच शोधायला हीच यादी कामी येईल. दर ३० सेकंदांनी ओळख सांगितली जाते आणि ती १२० सेकंद धरून ठेवली जाते, म्हणून वायर काढून लगेच यादी बघाल तर जुना शेजारी दिसू शकतो. टेबलावरचे आयपी फोन आपला व्हॉइस व्हीलॅन एलएलडीपीतूनच शिकत असतील तर तिथेही चालू. पाहुण्यांसाठी उघड्या असलेल्या पोर्टवर मात्र पाठवणं आणि ऐकणं दोन्ही बंद. स्विचचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती तिथे कुणाला कळायचं कारण नाही.