हद्दपार, निर्वासित की परागंदा?

होसे मिगेल दे बारांदियारान या बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणारे, स्वतःची भाषा असलेले लोक) लोकजीवनाच्या अभ्यासकाबद्दल दोन ठिकाणी वाचलं. एकात 'हद्दपार' होतं, दुसऱ्यात 'निर्वासित'. बरोबर कोणतं, असा प्रश्न आला आहे.

आधी माणूस बघू. जन्म १८८९चा, स्पेनमधल्या गिपुस्कोआ प्रांतातल्या अताउन गावचा. पेशाने धर्मगुरू, पण जीव रमायचा तो गुहांच्या उत्खननात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चुलीपाशी बसून गोष्टी टिपण्यात. बास्क घराच्या दारावर एक वाळकं काटेरी फूल ठोकलेलं असतं, 'एगुस्किलोरे', म्हणजे सूर्यफूल (आपलं तेलाचं नव्हे). रात्री आलेल्या चेटकिणीला म्हणे त्याचे केस मोजत बसावं लागतं आणि तेवढ्यात उजाडतं. असल्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, बंडखोर सेनापती फ्रँकोचं सैन्य चालून आलं, तेव्हा ते फ्रान्सच्या हद्दीत गेले. परतले थेट १९५३ मध्ये.

आता 'हद्दपार'. त्याला हुकूम लागतो. कुणीतरी हद्द ठरवायची आणि तिच्यापार घालवायचं. 'तडीपार' त्याचाच भाऊ, पण त्याला आता इतका पोलीस चौकीचा वास येतो की धर्मगुरूला तो लावणं म्हणजे कहर. बारांदियारान यांना असं कुणी घालवलं नव्हतं. राहणं धोक्याचं झालं म्हणून ते निघाले.

'निर्वासित'चा मूळ अर्थ 'घालवून दिलेला' असाच. पण फाळणीनंतर हा शब्द ऐकला की छावण्या आठवतात, उल्हासनगर आठवतं. एकट्यादुकट्या विद्वानाला तो सैल होतो. चूक मात्र म्हणणार नाही.

माझं मत 'परागंदा'ला. फारसीत त्याचा अर्थ 'विखुरलेला'. मराठीत आरोपीही परागंदा होतात, ही एक अडचण. पण 'जिवाच्या धास्तीने परागंदा झाले' यात कुणाला गुन्हा दिसत नाही.

बास्कमधला शब्द याहून गमतीचा आहे. परमुलूख म्हणजे 'एर्बेस्ते' : 'हेर्री' अधिक 'बेस्ते', दुसरा. 'हेर्री' म्हणजे गाव, लोक आणि मुलूखही. आपला 'देश' असाच लवचीक. कोकणातला माणूस घाट चढून 'देशावर' जातो तेव्हा त्याला पासपोर्ट लागत नाही. आता गंमत बघा. बारांदियारान यांची परागंदा काळातली बरीच वर्षं गेली ती सारा नावाच्या गावात. सरकार फ्रान्सचं, पण गाव लापुर्दीतलं, म्हणजे बास्क मुलखातलंच. भाषा तीच, बोली तेवढी निराळी. तिथे त्यांनी तेच काम पुढे चालू ठेवलं. १९४६ साली 'इकुस्का' नावाचं संशोधनपत्र काढलं ('इकुसी' म्हणजे पाहणे) आणि सारा गावच्या लोकजीवनावरही सविस्तर लिहिलं.

म्हणून '१९३६ साली परागंदा झाले, सतरा वर्षं देशाबाहेर राहिले' असं खुशाल लिहा. 'परमुलखात राहिले' मात्र लिहू नका.

बास्क माणसाची ओळख घराच्या नावावरून सांगायची रीत आहे. परतल्यावर बारांदियारान अताउनमध्ये ज्या घरात राहिले, त्याचं नाव 'सारा'.